ती थाळी विकायची नसते

"ही गाडीवाल्याची पोर आहे. हिला मागं ने. आणि हिचं ताट धुवायला टाकू नकोस. बाजूला काढून ठेव."

वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. वाढवलेलं काही नाही, गाळलेलं काही नाही. बोलणारा हॉटेलचा मालक. ऐकणारा वेटर. मी त्या दोघांच्या मध्ये, खुर्चीवर. समोर तांदळाची भाकरी, अर्धी खाल्लेली. तोंडात घास.

मी पाचवीत होते.

हॉटेल मुंबई-गोवा रस्त्यावर, माणगावच्या जवळ. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून मुरुड-श्रीवर्धनकडे निघालेल्या गाड्या तिथे हमखास थांबत. आम्ही तेव्हा पुण्यात राहत होतो. बाबा एका ट्रॅव्हल्सवाल्याची जीप चालवायचे. त्या दिवशी गाडीत एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि माझ्याच वयाची मुलगी, रिया. माझी आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरी मला बघायला कोणी नव्हतं. बाबांनी त्या कुटुंबाला विचारून मला पुढच्या सीटवर बसवलं होतं. "पोर गप बसल साहेब, तरास न्हाय द्यायची," असं ते म्हणाले होते.

मी गप्प बसले होते. रियाच गप्प बसली नाही. घाटभर ती माझ्याशी गावांच्या नावांच्या भेंड्या लावत आली. हॉटेलात शिरताना तिने माझा हात धरला. "तू माझ्या शेजारी बस ना." मी बसले. वेटरने माणसं बघून ताटं मांडली. मलाही एक मांडलं.

मग ते वाक्य.

वेटरने मला कोपराजवळ धरून उठवलं. "चल बाय," एवढंच म्हणाला. घास मी उभ्यानेच गिळला. रियाने आईकडे पाहिलं. तिची आई मेनूकार्डात बघत राहिली. जेवण टेबलावर आलेलं होतं. मेनूकार्डात बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

हॉटेलच्या मागे पत्र्याची पडवी होती. दोन लांब बाकांवर ड्रायव्हर जेवत होते. बाबा बाकावर नव्हते. ते नळाजवळच्या पायरीवर बसले होते, ताट मांडीवर घेऊन. मला वेटरबरोबर येताना पाहिलं आणि ते उभे राहिले. मालक पाठोपाठ आला.

"पोरीला शिस्त लाव रे जरा."

"चुकलं, भाऊशेठ."

मालकाला सगळे भाऊशेठ म्हणायचे. तो आमच्याच पंचक्रोशीतला. बाबांचं गाव त्याला माहीत होतं. गावातली वाडी कुठली, हेही माहीत होतं. माणगाव तालुक्यात वाडीचं नाव सांगितलं की आडनाव सांगावं लागत नाही.

जेवण झाल्यावर बाकीच्या ड्रायव्हरांनी ताटं टबात टाकली आणि बिड्या पेटवल्या. बाबांनी आपलं ताट नळाखाली स्वतः धुतलं. माझ्यासाठी आलेलंही धुतलं. दोन्ही भिंतीवर पालथी घातली. बाकीच्या ताटांपासून लांब.

म्हसळ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "बाबा, ताट तुम्हीच का धुतलं?"

"सवय हाय."

"आणि चुकलं का म्हणालात?"

"म्होरं वळण हाय. बोलू नको."

त्यापुढचा समुद्र मला आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असं घरचे सांगतात.

हा प्रकार ज्यांनी फक्त पुढच्या बाजूने हॉटेलं पाहिली आहेत त्यांच्यासाठी एक खुलासा. प्रवासी कुठे जेवणार हे प्रवाशांना वाटतं आपण ठरवतो. ते ड्रायव्हर ठरवतो. "साहेब, इथं चांगलं मिळतं," असं तो म्हणतो आणि गाडी वळवतो. त्या वळवण्याच्या बदल्यात हॉटेल त्याला जेवू घालतं. मेनूकार्डात हे जेवण नसतं. त्याला पाटी नसते, भाव नसतो. त्याला ड्रायव्हर थाळी म्हणतात. ती मागे मिळते. कोकणात जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर हा रिवाज आहे. कोणी तो कधी लिहिलेला नाही.

मी पत्रकार झाले. आधी पालिका, मग कोर्ट. नंतर मला रविवारच्या पुरवणीत एक पान मिळालं. दोन शहरांच्या मधली हॉटेलं. मुंबईहून पुण्याला जाताना कुठे थांबावं, पुण्याहून कोल्हापूरला जाताना काय खावं. मला हे काम जमलं. पेणजवळच्या एका बाईच्या खानावळीत वालाचं बिरडं असं होतं की मी दोनदा मुद्दाम वाट वाकडी केली. साताऱ्याच्या पुढे एका माणसाकडे फक्त पिठलं मिळायचं आणि ते संपलं की तो सरळ दार लावून घ्यायचा. अशा जागांवर मी लिहायचे. वाचक पान कापून गाडीत ठेवायचे. पुढच्या रविवारी तिथे रांग लागलेली असायची. मी काय लिहिते याने हॉटेलं भरतात, हे मला हळूहळू कळलं.

ऑफिसची गाडी पेणचे एक दादा चालवायचे. आगरी माणूस, मिठागरावर वाढलेला. पहिल्याच दौऱ्यात मी त्यांना माझ्या टेबलावर बोलावलं. ते आले नाहीत.

"नको ताई. तुमी एक घास खाता नि चार ओली लिवता. मना भूक लागलेली असते."

मी हसले. तेही हसले. आणि मागे गेले. प्रत्येक वेळी असंच.

मग संपादकांनी मुरुडचं काम दिलं. समुद्राकाठी नारळाच्या वाडीत नवं मोठं हॉटेल झालं होतं. "जरा मोकळ्या हाताने लिही," ते म्हणाले. "त्यांची जाहिरात येतेय." मी मालकाचं नाव वाचलं. भाऊशेठ. माणगावचा धंदा मुलाकडे देऊन मुरुडला नवा थाट मांडलेला. मी संपादकांना काही सांगितलं नाही. बॅग भरली.

वाटेत काय मनात होतं ते स्पष्ट लिहिते. मला त्याला लाजवायचं होतं. त्याच्या टेबलावर बसायचं, त्याच्या हातचं वाढून घ्यायचं आणि शेवटी सांगायचं, मी कोण. त्याची मान खाली गेलेली मला बघायची होती. बाकी काही नको होतं.

तो म्हातारा झाला होता. पांढरा सदरा, गळ्यातली सोन्याची चेन माणगावच्या वेळचीच असावी. स्वतः वाढायला उभा राहिला. जिताड्याचं कालवण, तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. जेवण उत्तम होतं. हे नोंदवणं आवश्यक आहे. जिताडा ताजा होता, आंबटपणा नेमका होता, भाकरी मऊ आणि गरम. माझा त्या जेवणाशी वाद नव्हता.

"ताई, मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"माणगाव."

"अरे वा! मग तुम्ही आपल्याच की! गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"वाडी?"

मी वाडी सांगितली.

सोलकढीचा जग माझ्या ग्लासावर तिरपा झाला होता. तो तसाच राहिला. हसू चेहऱ्यावर परत आलं, पण उशिरा आलं.

"छान, छान. तुमच्या लोकांनी खूप प्रगती केली हो. अभिमान वाटतो."

मी विचारलं, "माझे ड्रायव्हर कुठे जेवतायत?"

"त्याची काळजी नको. मागं सोय आहे. फुकट जेवतात सगळे."

"मला ती थाळी आणून द्या."

"थट्टा करता काय ताई!"

मी वेटरकडे पाहिलं. तो गोंधळला. "मॅडम, ती थाळी विकायची नसते," तो म्हणाला.

मी उठले. ताट तसंच सोडून, भटारखान्यातून, मागच्या दाराने बाहेर गेले. कोणी मला कोपराला धरलेलं नव्हतं.

मागे जनरेटर होता. त्याच्या शेजारी मासे साफ करायची फरशी. मांजरं. पत्र्याखाली बाक. ड्रायव्हर जेवत होते, दादा टोकाला. मी त्यांच्या शेजारी बसले. सगळ्यांचे हात थांबले.

"ताई, तुमी इथं कं करता?"

"जेवते."

समोर बसलेला एक तरुण ड्रायव्हर मुंबईचा होता. तो म्हणाला, "मॅडम, इथला मेनू पुढचे पाव्हणे ठरवतात. ते जे सोडतील ते आपलं."

बाक हसला. मला वाटलं विनोद आहे. मग मी भाकऱ्यांच्या टोपलीत पाहिलं. वरच्या भाकरीची कड बोटांनी तोडलेली होती. खालच्या भाकरीला कालवणाचा डाग होता. तिसरी अर्धीच होती. पुढच्या टेबलांवरून परत आलेल्या भाकऱ्या होत्या त्या. डाळ पाण्यासारखी. रश्श्यात माशाचं डोकं, तेही आधी कोणीतरी चोखलेलं. मी फोनवर फोटो काढले. टोपलीचे, वाटीचे, आतून भरून येणाऱ्या दुसऱ्या टोपलीचे.

"तुम्हाला माहीत आहे हे?" मी दादांना विचारलं.

"माहीत हाय. तोडलेली बाजू खाली करून खातो."

"आणि तरी गाडी इथेच लावता?"

"सगलीकडं असंच. कुठं कमी, कुठं जास्ती."

तेवढ्यात भाऊशेठ आला. मला बाकावर पाहून त्याचा आवाज बदलला. मला ओळखीचा आवाज.

"ताई, हे काय? उठा. शोभत नाही."

मी बसूनच बोलले. "तुम्ही मला मागे पाठवलं होतं. माणगावच्या हॉटेलात. मी लहान होते. माझं ताट धुवायला टाकू नका म्हणालात. माझ्या बापाला, पोरीला शिस्त लाव, म्हणालात. आज मी आपणहून आले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. कामाची सवय आहे मला. खोटं बोलणारा माणूस कसा दिसतो ते कोर्टात पुष्कळ पाहिलं आहे. तो खोटं बोलत नव्हता.

"मी? कधी हो?"

त्याला आठवत नव्हतं.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य त्याच्या आयुष्यात कुठेच नव्हतं. त्याने ते इतक्या वेळा, इतक्या पोरांना, इतक्या बापांना म्हटलं असणार की त्यातलं एक आठवण्याचं कारण नव्हतं. मी इतकी वर्षं त्याच्या लाजेची वाट पाहत होते. ती लाज नव्हतीच. जी वस्तू त्याच्याकडे नव्हती ती मी मागत होते.

त्याच्याकडे काय होतं? भरलेली टेबलं. पार्किंगमध्ये पुण्या-मुंबईच्या गाड्या. तेवढंच काढून घेण्यासारखं होतं. लाजवायचं मी त्या बाकावर सोडून दिलं. नुकसान करायचं ठरवलं.

परतीच्या वाटेवर दादा रागावले होते. रेवदंड्याच्या पुलावर बोलले. 

"तुमी लिवाल. तुमचं नाव व्हईल. उद्या हे हाटेलवाले सगल्यांचं जेवन बंद करतील. आमी कं करायचं? दोन दिवसांचा डबा घरून न्यायचा?"

"ते जेवण फुकट नाही, दादा. तुम्ही गिऱ्हाईक आणता. त्या भाकऱ्या ही तुमची मजुरी आहे."

"मना शिकवू नका. तुमचं जुनं भांडन हाय त्याच्याशी. आमाला त्यात वढू नका."

"भांडण माझं आहे, खरं. भाकऱ्या तुमच्या आहेत."



मी परीक्षण लिहिलं. नेहमीच्याच पद्धतीने. जागा, वातावरण, पदार्थ, वाढप. फक्त परीक्षण मागच्या थाळीचं होतं. डाळीची चव लिहिली. रश्श्याचं वर्णन केलं. भाकरी पुढच्या टेबलावरून मागे कशी येते ते फोटोंसह लिहिलं. एकही विशेषण वापरलं नाही. शेवटी जिताड्यावर दोन ओळी, कारण तो चांगला होता.

संपादकांनी वाचलं. चष्मा काढला.

"हे परीक्षण नाही. हा सूड आहे."

"दोन्ही आहे. एक शब्द खोटा दाखवा."

त्यांना दाखवता आला नाही. "बघतो," म्हणाले.

रविवारी पान छापून आलं. माझं नाव, माझा फोटो. खाली जिताड्याची स्तुती. नारळाची वाडी, समुद्राचा वारा, आणि "आपुलकीने वाढणारे मालक." डेस्कवर कोणीतरी बसून माझ्या दोन ओळींचे चार रकाने केले होते. मागच्या दाराचा उल्लेख नव्हता. शेजारच्या पानावर त्याच हॉटेलची जाहिरात होती.

माणगावला मला मागे पाठवलं तेव्हा निदान माझ्या नावाने मालकाचे आभार मानले नव्हते कोणी. हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. सोमवारी मी ऑफिसात गेले आणि सांगितलं, माझं नाव या पानावर पुन्हा दिसणार नाही. संपादक म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस." मी भावनेच्या भरात नव्हते. इतकी शांत मी क्वचितच असते.

संध्याकाळी दादांचा फोन आला.

"ताई, पेपर वाचला. त्यात आमच्या भाकऱ्या कुठं हायेत?"

"काढल्या."

पलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. मग, "तुमचा खरा कागद धाडा मना."

मी मूळ मजकूर पाठवला, फोटोंसकट. दादांनी तो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला आणि वर आपला आवाज भरून पाठवला. तो आवाज माझ्यापर्यंत फिरून आला, अनोळखी नंबरावरून. "भावांनो, ताईंनी लिवलंय ते वाचा. वाचता येत नसंल तर फोटू बघा. आपन उष्टं खातो नि गिऱ्हाईक त्यालाच देतो. गाडी पुढं काढा. मुरुडला थांबाचं नाय, मानगावला पन थांबाचं नाय. साहेब इचारतील तर सांगा, इथं जेवन चांगलं नाय. खोटं नाय बोललात."

पुण्याचे ग्रुप, ठाण्याचे ग्रुप, पनवेलचे. मजकूर माझ्या पानाच्या वाचकांपेक्षा लांब गेला. परीक्षण वाचून जेवायला जाणारे थोडे असतात. ड्रायव्हर नेईल तिथे जेवणारे सगळे.

मी बघायला गेले. मुरुडला, सुट्टीच्या दिवशी, एसटीने. हॉटेलच्या समोर एक चहाची टपरी आहे. तिथे बसले. गाड्या येत होत्या, हॉटेलजवळ किंचित हळू होत होत्या आणि पुढे जात होत्या. एका ड्रायव्हरने जाता जाता हॉर्न वाजवला. भाऊशेठ दारात उभा होता. पांढऱ्या सदऱ्यात. आत ज्याला वाढावं असं कोणी नव्हतं.

मला आनंद झाला. तो मी लपवत नाही. दुसरा चहा मागवला.

मग त्याचे फोन सुरू झाले. ड्रायव्हरांसाठी पंख्याची खोली बांधतो. पुढच्यासारखीच थाळी देतो. "ताई, ते फिरतंय ते बंद करायला सांगा. आणि त्या वेळी जे काय झालं असेल ते, मी माफी मागतो."

"काय झालं होतं, सांगा," मी म्हणाले.

तो अडखळला. मी त्याला मुरुडला तोंडावर सांगितलं होतं. तरी त्याने लक्षात ठेवलं नव्हतं. मी फोन ठेवला.

पुढचा फोन बाबांचा. ते आता गावी असतात, वाडीतच. भात लावतात, गुडघे दुखतात.

"भाऊशेठ आलता," बाबा म्हणाले. "आपल्या दारात. मिठाई घिऊन. वट्यावर बसला. म्हनला, पोरीला समजाव."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? आला मानूस दारात. पानी दिलं."

"प्यायला?"



"घाईत व्हता म्हनला."

"बाबा, पाणी प्यायला का?"

"न्हाय."

 मग ते म्हणाले, "सोड आता, पोरी. वय झालंय त्याचं."

"तुमचंही झालंय."

"मी केलं माफ त्याला."

"तुम्ही करा. तुमचा हक्क आहे. माझा मी वापरणार नाही."

तो आमच्या ओट्यापर्यंत येऊ शकला, कारण धंदा बुडत होता. आमचं पाणी घशाखाली उतरवण्याइतका अजून बुडालेला नव्हता. म्हणजे काम अपुरं आहे.

आता मी कुठल्याही पेपरसाठी लिहीत नाही. ड्रायव्हर मला फोटो पाठवतात. कोलाड, नागोठणे, पोलादपूर, खोपोली. मी स्वतः जाते, मागे बसते, तेच जेवते, तपासते आणि मग लिहिते. खोटं असेल ते टाकून देते. खरं असेल तर मालकाचं नाव घालते. काही हॉटेलांनी आता ड्रायव्हरांना पुढे बसवायला सुरुवात केली आहे. ते चांगलं आहे. त्यासाठी मी हे सुरू केलं असं लोक म्हणतात. लोक चुकतात.

मुरुडचं हॉटेल विकायला काढलंय असं ऐकते. माणगावचं अजून उघडं आहे. थोड्या गाड्या अजून थांबतात. कोण थांबतं ते मला कळतं, आणि मी त्या ड्रायव्हरला स्वतः फोन करते.

शेवटची गाडी पुढे जाईपर्यंत करत राहणार.